सगळे फेरे एका चालीचे

सरांचे डोळे जाणार असं सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सरांनी त्यांना एकच विचारलं म्हणे, "वाचायचं कुठपर्यंत जमेल?" डॉक्टरांनी नक्की काही सांगितलं नाही. साखरेनं डोळ्यांच्या आतला पडदा खराब झाला होता. लेझर करून झालं होतं, इंजेक्शनंही झाली होती. मुरूमला घरी पोचल्यावर चपला काढता काढता बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले, "त्या पोरीला फोन लाव."

ती पोरगी म्हणजे मी. सरांची विद्यार्थिनी. माझं लग्न झालं, नोकरीत बढती मिळाली, तरी त्या घरात मी अजून पोरगीच आहे.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम जळकोटला घरी बसून करते. वस्तीतल्या विहाराच्या मागं आमचं घर. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. काम काय करतेस असं आई अजून विचारते आणि मी अजून दर वेळी वेगळं उत्तर देते. आज मी जे काही करते ते सरांनी शिकवलंय. हे मी नम्रपणा म्हणून लिहीत नाही. मी कॉलेजात आले तेव्हा कॉम्प्युटरला हात लावायला भीत होते. सर म्हणाले, "दाब की. म्हैस हाय का ती, लाथ मारायला?"

फोनवर सर डोळ्यांबद्दल फार बोलले नाहीत. म्हणाले, "रविवारी येतीस का? कंपायलरचं काम हाय."

कंपायलर म्हणजे काय हे इथं सांगायला हवं. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा आज्ञांमध्ये बदलून देणारा प्रोग्राम. सर वर्गात सांगायचे, "आपल्याकडं बाजारात कानडी माणूस आला की आपण शेजारच्याला मधी घालतो, तो एकेक वाक्य सांगत जातो. कंपायलर तसा न्हाय. तो सगळं म्हणणं आधी पुरं ऐकून घेतो, मग कागदावर उतरवून हातात देतो." सरांनी स्वतःचा एक कंपायलर लिहायला घेतला होता. आमच्यासारख्या मराठी शाळेतून आलेल्या पोरांना 'जर', 'नाहीतर', 'जोपर्यंत' असे शब्द वापरून प्रोग्राम लिहिता यावेत आणि इंग्रजीच्या भीतीनं कुणी मागं राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. तो कंपायलर कुठं गाजला नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये चालला, आजूबाजूच्या काही शाळांमध्ये चालला. पण सर निवृत्त झाल्यावरही तो लिहीतच राहिले. सकाळी पूजा, मग चहा, मग कंपायलर.

तो आम्ही तिघांनी मिळून लिहिला होता. सर, मी आणि माझ्या वर्गातला अणदूरचा एक मुलगा.

तिघांच्या लिहिण्यात एक फरक होता. कंपायलरला सतत कसल्या ना कसल्या याद्यांवरून जावं लागतं. वाक्यांची यादी, नावांची यादी, आज्ञांची यादी. यादीतल्या प्रत्येकापाशी जायचं, काहीतरी करायचं आणि पुढं सरकायचं. याला पुस्तकात लूप म्हणतात, सर फेरा म्हणायचे. सर आकडा धरून फेरा घालायचे. शून्यापासून सुरुवात, एकेक वाढवत शेवटपर्यंत. मी आकडा धरत नसे. पहिल्या वस्तूवर एक खूण ठेवायची आणि ती खूण पुढं सरकवत न्यायची, असं मी एका पुस्तकात वाचलं होतं आणि ते मला फार आवडलं होतं. आणि अणदूरचा तो मुलगा नेहमी शेवटापासून सुरू करायचा. यादीच्या शेपटाला धरून मागं मागं येत शून्यावर थांबायचा.

सरांनी त्याला एकदा लॅबमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "का रे, देवळात उलटी प्रदक्षिणा घालतोस का?"

तो शांतपणे म्हणाला, "सर, महादेवाला तर तुम्हीच अर्धी घालून उलटं फिरता की."

सर लिंगायत. महादेवाच्या देवळात पन्हळ ओलांडायची नाही, तिथवर जायचं आणि आल्या वाटेनं परत फिरायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार! सर एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्या दिवसापासून उलट्या फेऱ्याला आमच्यात 'महादेवाचा फेरा' म्हणायला लागले.

मला तो मॅडम म्हणायचा, टोमणा म्हणून. "मॅडम, तुमची ती खूण लई नाजूक हाय. जरा कुठं यादी हलली की पडती." मी म्हणायचे, "तुझ्यासारखं शेपूट धरून बैल हाकत नाही मी." आम्ही सरांच्या घरी काम करत बसायचो. काकू कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायच्या. पहिल्या वेळी मी बाहेरच्या खोलीतच बसून राहिले होते. काकूंनी आतून हाक मारली, "आत ये की गं, ताट काय तिकडं चालत येणार हाय का?" त्यानंतर मी त्या घरात कधी बाहेर बसले नाही.

शिक्षण झाल्यावर तो पुण्याला नोकरीला लागला. तिथं त्याला कावीळ झाली. तो गावी आला. आपल्याकडं कावीळ उतरवणारे असतात, मंत्र घालून हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं, लोकांना बरं वाटतं. त्यात दिवस गेले. सोलापूरला नेलं तेव्हा कावीळ पार आत उतरली होती. मी आणि सर अणदूरला गेलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. ते सरांना म्हणाले, "गुरुजी, तुमच्याकडं येऊन हा काय करायचा ओ?"

सर म्हणाले, "प्रोग्राममधलं जे उपयोगाचं नसतंय, ते शोधून काढून टाकायचं काम त्याच्याकडं होतं."

"घरात तर काय टाकू देत नव्हता," वडील म्हणाले. "तुटकी सायकल सुदिक ठेवलीय त्यानं." एवढं बोलून ते आतल्या दाराकडं बघत राहिले.

त्यानंतर सरांनी आणि मी त्यानं लिहिलेल्या फाईलला हात लावला नव्हता. लावायची गरजही पडली नव्हती. ती नीट चालत होती.

त्या रविवारी मी हायवेवरून वडापच्या जीपनं मुरूमला गेले. सर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. समोर कॉम्प्युटर, कानाला हेडफोन. पडद्यावरची अक्षरं एवढी मोठी केलेली की एका वेळी जेमतेम एक ओळ मावत होती. सर त्या ओळीकडं थेट बघत नव्हते, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघत होते.

"हे बघ," ते म्हणाले, "आता मी कानानं वाचायला शिकतोय." पडद्यावरचं बोलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं होतं. हेडफोनची वायर काढून त्यांनी मला ऐकवलं. एक परदेशी बाई सपाट आवाजात वाचत होती: फॉर, लेफ्ट पॅरेन, इंट आय इक्वल्स झीरो, सेमीकोलन, आय लेस दॅन...

"कळलं?" सर म्हणाले.

"हो. तुमचा फेरा."

"आता हा." पुढची फाईल लावली. ती माझी होती. माझी खूण, तिची सुरुवात, तिचा शेवट, तिला पुढं सरकवणं. ती बाई इतकं सगळं म्हणेपर्यंत सुरुवात कशानं झाली होती ते मीच विसरले.

"तूच लिहिलंयस, आणि तुलाच कळंना," सर हसले. मग गंभीर झाले. "डोळ्यानं बघताना एक नजर टाकली की फेरा कसा हाय ते दिसतंय. कानानं तसं न्हाय. शेवट ऐकेपर्यंत सुरुवात हातची गेलेली असती. आणि तीन तऱ्हेचे फेरे असले की दर वेळी आधी कोणच्या तऱ्हेचा हाय ते ओळखायचं, मग आत काय चाललंय ते ऐकायचं. माझं डोकं पहिल्या ओळीतच दमतंय."

मी हेडफोनची वायर परत लावून दिली.

"सगळे फेरे एका चालीचे करायचे. माझे, तुझे, सगळ्यांचे. नवी पद्धत हाय बघ ती, आकडा न्हाय, खूण न्हाय. यादीतला प्रत्येक, एवढंच म्हणायचं. ते एका दमात ऐकू येतंय. मला यादी कोणची ते कळलं की बास. कुठनं चाललाय, कसा चाललाय, ते मला सांगूच नका." ते थांबले. "मला जोवर थोडं दिसतंय तोवर व्हायला पायजे. नंतर मला तपासता येणार न्हाय, तुझ्यावर सोडावं लागेल. आणि हे झालं न्हाय, तर हे काम माझ्या हातून गेलंच म्हण."

आतून काकू म्हणाल्या, "गेलं तर गेलं की. एवढं केलंय ते कमी हाय का? गप देवाचं नाव घेत बसा."

"देवाचं नाव घ्यायला डोळे लागत न्हायत गं," सर म्हणाले, "म्हणून ते मागं ठेवलंय."

मग माझे रविवार मुरूमला जायला लागले. नवऱ्यानं कधी कुरकुर केली नाही. आई म्हणायची, जा, ज्यानं शिकवलं त्याचं ऐकावं. मी एकेक फाईल घ्यायची, फेरा बदलायचा, कंपायलरच्या सगळ्या चाचण्या चालवायच्या आणि मग सरांना ती फाईल ऐकवायची. सर डोळे मिटून ऐकत. डोळे उघडे ठेवले की अर्धवट दिसतं आणि लक्ष तिकडं जातं, असं म्हणायचे. कुठं अडले की बोट वर करत. मी थांबायचे.

सुरुवातीला मी सरांचेच फेरे घेतले. ते सोपे होते. आकडा काढून टाकायचा, बाकी सगळं जिथल्या तिथं. मग माझे घेतले. बदलताना जरा वाईट वाटलं, कारण ती खूण मला खरंच आवडायची. पण सरांच्या कानाला ते सगळं किती जड जातं ते मी बघितलं होतं. जी ओळ ऐकताना आधी त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, ती आता ते सहज ऐकून पुढं जायचे. "हां. नावांची यादी. पुढं." कधी तर ती बाई वाक्य संपवायच्या आधी सरच ते पूर्ण करायचे आणि तिला म्हणायचे, "कळलं की बाई, किती सांगशील!"

त्यांना बरं वाटत होतं. मलाही. डोळे मात्र चालले होते. मी फाटकातून आत आले की ते आधी मला ओळखायचे. नंतर नंतर माझ्या चपलांचा आवाज येईपर्यंत वाट बघायला लागले. एका रविवारी त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेवर ठेवला, तो खाली पडला आणि फुटला. काकूंनी तुकडे गोळा केले. पुढच्या वेळी स्टीलचा पेला होता.

अणदूरच्या मुलाच्या फाईलपाशी मी येत नव्हते. तिच्या अलीकडची एक फाईल घ्यायचे, पलीकडची एक घ्यायचे. सरांनी हे ओळखलं होतं. पण एके दिवशी करायला दुसरं काही उरलंच नाही.

"त्याचं राहिलंय," सर म्हणाले.

"हो."

"आधी एकदा ऐकव."

मी लावली. ती बाई वाचायला लागली. शेवटच्या आज्ञेपासून सुरुवात, एकेक कमी करत, मागं मागं. सरांच्या चेहऱ्यावर ऐकता ऐकता हसू आलं. "महादेवाचा फेरा," ते म्हणाले. पण अर्ध्यावर त्यांनी बोट वर केलं. पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितलं. पुन्हा तिथंच अडले. तिसऱ्यांदा त्यांनी लावायला सांगितलं नाही. "कर बदल," म्हणाले.

मी बदलला. त्या फेऱ्यात उपयोगाच्या नसलेल्या आज्ञा यादीतून काढल्या जात होत्या, त्यामुळं सरांनी ठरवलेली 'यादीतला प्रत्येक' ही छोटी पद्धत तिथं सरळ बसत नव्हती. यादीवरून जाता जाता तीच यादी कमी करता येत नाही. मग मी निदान दिशा तरी बाकीच्यांसारखी असावी म्हणून सुरुवातीपासून पुढं जाणारा फेरा केला. चाचण्या चालवल्या, सगळ्या पास झाल्या. मी सरांना ऐकवायला लावलं.

सर ऐकत होते. एकदम बोट वर झालं.

"मागं जा. परत लाव." मी लावलं. "हा काढतोय ना इथं?"

"हो सर."

"काढत काढत पुढं चाललाय?"

"हो."

सर ताठ बसले. "अगं, पंगतीत वाढपी हाय असं समज. मधला एक माणूस उठवला आणि बाकीच्यांना सांगितलं, सरका. पलीकडचा त्या रिकाम्या पाटावर सरकला. वाढपी तर पुढच्या पाटाकडं गेला. मग सरकलेल्याच्या पानात भात कोण वाढणार?"

माझ्या लक्षात आलं. एक आज्ञा काढली की तिच्या पुढची तिच्या जागी येते, आणि आपण पुढं गेलेलो असतो. दोन बिनकामाच्या आज्ञा शेजारीशेजारी असल्या तर दुसरी राहून जाणार. आमच्या चाचण्यांमध्ये अशा शेजारच्या आज्ञा कुठं नव्हत्याच, म्हणून सगळ्या पास झाल्या. मी तशी एक चाचणी लिहून चालवली. नापास.

"शेवटाकडनं काढत आलं," सर म्हणाले, "की सरकतात ते आधीच वाढून झालेले असतात. कुणी उपाशी राहत न्हाय. ते त्याला माहीत होतं."

त्याला हे माहीत होतं की नुसती सवय होती, हे आता विचारायला कुणी नव्हतं. लॅबमध्ये आम्ही इतक्या वेळा त्याची चेष्टा केली, आणि त्यानं एकदाही असं समजावून सांगितलं नव्हतं. नुसता महादेवाचा विनोद करून मोकळा झाला होता.

मला एकदम हायसं वाटलं. मी म्हणाले, "सर, मग हा एक तसाच ठेवू या. त्याचं बरोबरच होतं. वर एक ओळ लिहिते, हा उलटा का आहे ते. बाकी सगळे सरळ, हा एक त्याचा."

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या कानडीत सरांना काहीतरी म्हणाल्या, मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाल्या, "ठेवा की एक. घरात एखादं जुनं बोळकं ठेवतोच की आपण."

"बोळकं कोपऱ्यात असतंय," सर म्हणाले. "हे वाटेत हाय. मी ठेचकाळणार." मग माझ्याकडं वळले, म्हणजे माझा आवाज जिथून आला होता तिकडं. "एक ठेवला की झालं. मग प्रत्येक फेऱ्याला मला वाटत राहणार, हा तोच तर नव्हे? सगळे सारखे आहेत हे पक्कं माहीत असलं, तरच मी न थांबता पुढं जाईन. एकानं सुद्धा ते बिघडतंय."

"पण सर, दुसरं काय करायचं?"

"राहणाऱ्यांची नवी पंगत बसव. जुन्या यादीवरून सरळ जा, जे ठेवायचे ते नव्या यादीत घाल. कुणाला उठवायला नको, कुणी सरकायला नको. शेवटी नवी यादी जुनीच्या जागी ठेव." एवढं त्यांनी क्षणात सांगितलं, आधीच विचार करून ठेवल्यासारखं. मग हळू आवाजात म्हणाले, "तो असता तर मी त्यालाच बसवला असता हे करायला. त्यानं केलं असतं. दोन शिव्या घातल्या असत्या मला, पण केलं असतं."

मी ते केलं. छोट्या पद्धतीत बरोबर बसलं. नवी चाचणीही पास झाली. त्याच्या फाईलमधली त्याची चाल गेली, आणि फाईल बाकीच्या फायलींसारखी झाली. मी बदल जतन केला तेव्हा सर म्हणाले, "झालं?" मी हो म्हणाले. काकू आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

त्यानंतर काही महिन्यांत सरांचं डोळ्यांनी वाचणं पूर्ण थांबलं. उजेड-अंधार कळायचा, खिडकीकडं कुणी उभं राहिलं तर सावली कळायची. पण कंपायलर चालू राहिला. मी गेले की ते मला सांगायचे, या आठवड्यात हे केलं, ते केलं. कीबोर्ड त्यांना पाठच होता. एका रविवारी त्यांनी प्रोग्राममधली चूक मराठीत नीट सांगणारा एक अख्खा भाग स्वतः लिहून ठेवला होता. मी तपासला. एक कंस राहिला होता, बाकी सगळं बरोबर. मी त्यांच्या पायाला हात लावला. ते म्हणाले, "कंस राहिला म्हणून पाया पडतीस व्हय?"

खूश असायला हवं होतं, आणि मी होतेही. पण त्या दिवशी चहा घेताना ते म्हणाले, "आता सगळं कळतंय गं. कुठंच अडत न्हाय. पण ऐकताना पूर्वी एक असायचं. ही ओळ तुझी, ही त्याची, हे लगेच कळायचं. घरात तिघं हायत असं वाटायचं. आता एकच जण बोलतोय."

मी म्हणाले, "ते गेलं नाही सर. बदलायच्या आधीचं सगळं जपून ठेवलेलं आहे. जेव्हा हवं तेव्हा काढता येतं."

"व्हय?" त्यांना ते अर्थातच माहीत होतं. त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. तरी त्यांनी असं विचारलं, जणू पहिल्यांदाच ऐकतायत. "मग त्याचं लाव."

मी जुनी फाईल काढली. सरांच्या हेडफोनमध्ये ती परदेशी बाई वाचायला लागली. शेवटच्या आज्ञेपासून सुरुवात, एकेक कमी करत. सर पुढं झुकून ऐकत होते, ओठ हलत होते. थोडं गेल्यावर त्यांनी बोट वर केलं. मी मागं नेलं. पुन्हा बोट वर. मग त्यांनी दोन्ही हात कानांवरच्या हेडफोनवर दाबून धरले, बाहेरच्या रस्त्याचा आवाज आड येत असल्यासारखे. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली. इतके महिने एकाच चालीचं ऐकून कान त्या चालीचे झाले होते. दुसरी चाल त्यांना आता धरता येईना.

"कुठं गेला हा?" ते पुटपुटले. "कुठं गेला आता?"

मी त्यांना सांगणार होते, सर, तो आता मधल्या आज्ञेवर आहे, तिथून मागं येतोय. पण त्यांनी हेडफोन काढला.

"बंद कर," म्हणाले.

मी बंद केलं. मग त्यांनी हात पुढं करून टेबलाची कड चाचपली, खुर्ची जवळ ओढली आणि हेडफोन पुन्हा लावला. नवी फाईल त्यांनी स्वतःच उघडली. बोटं कळांवर फिरायला लागली. ऐकायचे, थांबायचे, दोन-चार अक्षरं टाकायचे, पुन्हा ऐकायचे. त्यांना माझ्याकडून काही नको होतं. कुठं विचारायची गरजच पडत नव्हती.

मी बराच वेळ शेजारी बसून राहिले. शेवटी सरच म्हणाले, हेडफोन न काढता, जरा मोठ्यानंच, "अगं, दर रविवारी एवढं वडापमध्ये धक्के खात येऊ नकोस आता. जमतंय मला. काही अडलं तर फोन करीन."

"बरं सर," मी म्हणाले. त्यांना ते ऐकू गेलं नसावं.

काकूंनी पिशवीत शेंगाचटणी बांधून दिली आणि फाटकापर्यंत आल्या. आतून मधूनमधून कळा दाबल्याचा आवाज येत होता. मी रस्त्याला लागले तरी तो थांबला नव्हता.